टीव्हीवर पिच करून आल्यावर पुढे काय होतं? कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा कांदा-लसूण चटणीचा धंदा. गोकुळ शिरगावला छोटा कारखाना आणि लक्ष्मीपुरीत सासूबाईंनी सुरू केलेलं जुनं दुकान. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझा धाकटा दीर टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात गुंतवणूकदारांसमोर पिच करून, म्हणजे धंदा मांडून हिश्शाच्या बदल्यात भांडवल मागून आलो. तो भाग लागला तेव्हापासून दुकानात, लग्नाच्या पंगतीत, अंबाबाईच्या देवळाबाहेर चपला काढताना लोक थांबवून तेच ते विचारतात. त्यातले बरेच जण स्वतः अर्ज करायच्या बेतात असतात. त्यांना उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देऊन पाठवताना मला वाईट वाटतं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे. कार्यक्रमाचं आणि गुंतवणूकदाराचं नाव लिहिणार नाही. त्याने वाचणाऱ्याचा काही फायदा नाही.

वहिनी, पैसे मिळाले का?

नाही. पडद्यावर हात मिळवला, टाळ्या झाल्या, दिरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते सगळं खरं होतं. समोरच्याचा इरादाही त्या दिवशी खराच होता असं मी आजही मानते. पण तिथे ठरलेल्या पन्नास लाखांतला एक रुपयाही आमच्या खात्यात आला नाही.

मग टीव्हीवरचं सगळं खोटंच असतं का?

खोटं नसतं, अपुरं असतं. आपल्याकडे सुपारी फुटली म्हणून कोणी लग्न लागलं म्हणत नाही. मधे याद्या असतात, देणंघेणं असतं, कोणाचा तरी मामा काहीतरी काढतो. स्टेजवरचा सौदा म्हणजे सुपारी. कायद्याने बांधणारा कागद त्यानंतर होतो.

हे आमच्याच बाबतीत झालं असंही नाही. अमेरिकेतल्या ‘शार्क टँक’ या अशाच कार्यक्रमाच्या पहिल्या सात पर्वांत सौदा ठरलेल्या २३७ उद्योगांना ‘फोर्ब्स’ मासिकाने २०१६ साली विचारलं होतं. त्यातल्या सुमारे ४३ टक्के लोकांना कार्यक्रमानंतर तो सौदा मिळालाच नाही, आणि आणखी साधारण ३० टक्क्यांच्या अटी बदलल्या. म्हणजे जे टीव्हीवर ठरलं, तेच जसंच्या तसं पदरात पडलं असे चारातला एक. हा आकडा मला जाण्याआधी माहीत असता, तर मी त्याच रात्री नातेवाइकांना फोन केले नसते.

तिथवर पोचणं किती अवघड आहे?

त्याच कार्यक्रमाचा भारतीय अवतार ‘शार्क टँक इंडिया’ सोनी वाहिनीवर २० डिसेंबर २०२१ ला सुरू झाला. पहिल्या पर्वाला सुमारे ६२,००० अर्ज आले, १९८ उद्योग पडद्यावर दिसले आणि ६७ जणांना सौदा मिळाला, असे आकडे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. यावरून काय ते समजा.

हात मिळवल्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत नक्की काय काय होतं?

आठवड्याभरात गुंतवणूकदाराच्या ऑफिसातून मेल येतो आणि त्यासोबत कागदांची यादी. आमची यादी सात पानांची होती. तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटीची विवरणपत्रं, बँकेचे उतारे, कारखान्याच्या जागेचा भाडेकरार, अन्न परवाना, कामगारांची हजेरी आणि पगारपत्रकं, कर्जाचे कागद, ट्रेडमार्क. स्टेजवर आपण जो आकडा बोललो त्या प्रत्येकाला मागे कागद लागतो. दिरांनी तिथे ‘महिन्याला नऊ लाख विक्री’ असं सांगितलं होतं. त्यात दुकानातली रोखीची विक्रीही होती, आणि तिचं पक्कं बिल सगळं नव्हतं. कागदावर दिसली सहा लाख चाळीस हजार. आम्ही खोटं बोललो नव्हतो, पण तपासणाऱ्याला कागदच दिसतो आणि त्याचं ते बरोबरच आहे.

तपासणी पार पडली की अटींचा मसुदा येतो, मग भागधारकांचा करार. त्यानंतर कायद्याच्या पायऱ्या, ज्या कोणालाच चुकत नाहीत. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार अशी खासगी गुंतवणूक घ्यायला भागधारकांचा विशेष ठराव लागतो. शेअरची किंमत नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून काढून घ्यावी लागते. पैसे बँकेतूनच आणि वेगळ्या खात्यातच घ्यायचे. आले की ६० दिवसांत शेअर द्यायचे, नाही दिले तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत करायचे. शेअर दिल्यावर १५ दिवसांत कंपनी निबंधकाकडे शेअर दिल्याचं कळवणारा पीएएस-३ हा फॉर्म भरायचा, आणि तो भरेपर्यंत त्या पैशाला हातही लावायचा नाही.

चांगला सीए आणि कंपनी सेक्रेटरी असला तरी याला महिने लागतात. तेवढे महिने दुकान, कारखाना, पगार हे सगळं आपल्याच पैशावर चालवायचं असतं. माझ्याकडे फाइल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारते: हा सौदा सहा महिने लांबला तर पगार कुठून देणार?

माझी प्रोप्रायटरी फर्म आहे. चालेल का?

अर्ज करायला अडचण येत नाही, पैसे घेताना येते. प्रोप्रायटरी म्हणजे एकाच मालकाच्या फर्मला शेअरच नसतात, मग हिस्सा कशातला देणार? गुंतवणूकदाराला प्रायव्हेट लिमिटेड कंपनी लागते. तिला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक पाहिजेत.

आमचा परवाना, जीएसटी, दुकानाचं भाडं, मशीनचं कर्ज सगळं सासूबाईंच्या नावावर होतं. कंपनी काढणं सोपं गेलं. जुन्या फर्ममधलं एकेक या कंपनीत आणणं मात्र जीव काढणारं काम होतं. बँकेने कर्ज वळवायला नव्याने हमीदार मागितले. हे सगळं शूटिंगच्या आधी करून ठेवा. सौदा झाल्यावर घाई आपल्याला असते आणि समोरच्याला ते कळतं.

हिस्सा देतो म्हणजे आमच्या ताटातलं किती जातं?

आमचंच उदाहरण घ्या. ठरलं होतं १० टक्क्यांना ५० लाख. म्हणजे पैसे आल्यानंतर कंपनीची किंमत पाच कोटी, येण्याआधीची साडेचार कोटी. समजा आमचे ९,००० शेअर आहेत. कंपनी १,००० नवे शेअर काढून प्रत्येकी ५,००० रुपयांना गुंतवणूकदाराला देते. सासूबाईंचे ४,५०० शेअर आधी अर्धा हिस्सा होता, तो ४५ टक्क्यांवर येतो. दिरांचे ३० चे २७ होतात, माझे २० चे १८.

इथे एक गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. ते ५० लाख कंपनीचे असतात, घराचे नव्हेत. त्यातून घराचं कर्ज फेडता येत नाही की मुलाची फी भरता येत नाही. आमच्या एका नातलगाने तर मनातल्या मनात दिरांचा फ्लॅट बुक करून टाकला होता.

तुमचं नक्की कुठे फिस्कटलं?

दोन ठिकाणी. विक्रीचा आकडा कागदावर कमी निघाल्यावर नवा प्रस्ताव आला. हिस्सा १५ टक्के, २५ लाख आत्ता आणि उरलेले २५ लाख महिन्याची विक्री ठरलेल्या आकड्यावर पोचल्यावर. यावर आमची घरात चर्चा चालू होती आणि खरं सांगायचं तर मी तयार होते.

पण करारात आणखी एक कलम होतं. चटणीची कृती ही कंपनीची गुप्त मालमत्ता राहील, आणि घरातल्या कोणीही ती बाहेर कोणाला शिकवायची नाही किंवा तशाच वस्तूची वेगळी विक्री करायची नाही. असं कलम मागणं गुंतवणूकदारांसाठी नेहमीचंच आहे, त्यात वावगं काही नाही. मी ते सासूबाईंना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी आमच्या गल्लीतल्या आणि माहेरच्या कितीतरी बायकांना स्वतः शिकवून उभं केलंय. भाजायचं खोबरं किती लाल करायचं, कांदा कोणत्या उन्हात टाकायचा, डंकावर किती वेळ कुटायचं, सगळं हाताला धरून. त्या म्हणाल्या, “ही चटणी मी माझ्या सासूकडनं शिकले, ती कुणाला दाखवू नको असं मी सही करून कसं देऊ?” आम्ही ते कलम वगळायची विनंती केली. तिकडून महिनाभर उत्तर आलं नाही, आणि मग दोन ओळींचा मेल आला.

तो निर्णय बरोबर होता का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. दिरांना वाटतं की चुकला. यावर आमच्या घरात अजून बोलणं होतं.

भाग लागला त्या रात्री काय झालं?

याचं उत्तर मोठं आहे, कारण धंद्याला खरा धक्का इथे बसतो.

त्याआधी आमच्या वेबसाइटवरून दिवसाला चाळीसेक पार्सलं जायची. तो भाग पावसाळ्यात लागला. जाहिराती संपेपर्यंत वेबसाइट बंद पडली. ती रात्री दीडला उघडली आणि सकाळी सातपर्यंत अडीच हजारांवर ऑर्डरी होत्या. आम्ही सगळे हसत होतो आणि सासूबाई गप्प बसून होत्या. त्यांनी एकच विचारलं, “मिरची कुठाय?”

चटणीचा धंदा करणाऱ्याला लगेच कळेल. मिरचीचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी. गडहिंग्लजच्या बाजारातून आणायची, कडक उन्हात वाळवायची आणि वर्षाचा माल पावसाच्या आत भरून ठेवायचा. आमच्याकडे वर्षभराच्या हिशेबाने मिरची होती, ती या ऑर्डरींना बारा दिवस पुरली असती. पुढची घ्यायची तर शीतगृहातली, चढ्या भावाची. तीही रोखीने, कारण आम्ही एवढा माल कधी उचललेला नव्हता आणि व्यापारी उधार द्यायला तयार नव्हता. बाहेर पाऊस, म्हणजे कांदा वाळवायला ऊन नाही.

आम्ही तेव्हा दोन गोष्टी केल्या. एक बरोबर होती, वेबसाइटवर ‘पाठवायला ३० दिवस लागतील’ असं ठळक लिहिलं. बऱ्याच जणांनी ऑर्डर रद्द केली, पण जे थांबले ते आजही आमचे गिऱ्हाईक आहेत. दुसरी चूक होती. एका लॉटमध्ये बाहेरून विकत घेतलेलं तयार कांद्याचं काप वापरलं. चव बदलली. जुन्या गिऱ्हाइकांनी पहिल्या घासाला ओळखलं. शाहूपुरीतले एक आजोबा, वीस वर्षं आमची चटणी नेणारे, डबा परत घेऊन आले आणि काही न बोलता काउंटरवर ठेवून गेले. त्या लॉटची उरलेली सगळी पाकिटं आम्ही मागे घेतली. त्या दिवसाची आठवण आली की अजून पोटात कालवतं.

कॅश ऑन डिलिव्हरी ठेवावी का?

त्या आठवड्यात तरी बंद ठेवा. कार्यक्रम बघता बघता उत्साहात ऑर्डर दिलेला माणूस तीन आठवड्यांनी दारात पार्सल आल्यावर ‘नको’ म्हणतो. आमचं जवळजवळ तिसरं पार्सल परत आलं. जायचं भाडं आपलं, यायचं भाडंही आपलं, आणि परत आलेलं खाण्याचं पाकीट पुन्हा विकायला मन होत नाही.

ही गर्दी किती दिवस टिकते?

आमची सहा आठवडे. नंतर ऑर्डरी उतरल्या, पण आधीच्या चाळीसवर न जाता शंभराच्या आसपास थांबल्या. तेवढी कायमची कमाई झाली. सहा आठवड्यांच्या गर्दीकडे बघून दुसरा कारखाना भाड्याने घेऊ नका. आम्ही तो घेणार होतो, जागामालकाला आगाऊ रक्कम द्यायच्या आदल्या दिवशी थांबलो.

माझा चपलांचा धंदा आहे. माझी शिरोलीला फौंड्री आहे. आम्हाला उपयोग होईल?

चपलेला होईल, पण मापाचा घोळ आधी सोडवा. टीव्ही बघून दिल्लीचा माणूस कोल्हापुरी मागवतो तेव्हा त्याला नवी चप्पल सुरुवातीला कडक लागते हे माहीत नसतं. तो ती बदलून मागतो. घालायला कशी मऊ करायची याची चिठ्ठी पार्सलमध्येच टाका.

फौंड्रीवाल्यांना, म्हणजे धातूचे सुटे भाग ओतणाऱ्यांना, मी स्पष्ट सांगते. तुमचं गिऱ्हाईक घरात टीव्हीसमोर बसलेलं नाही, ते मोटार कंपनीच्या खरेदी विभागात आहे. तिथे नमुना, चाचणीचा अहवाल आणि वेळेवर माल एवढंच बघतात. भांडवल हवं असेल तर बँक आणि ओळखीचे गुंतवणूकदार हा तुमचा रस्ता जवळचा. शेतकऱ्याला थेट विकायचं यंत्र असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

आमचं नाव कोणी चोरलं तर?

चोरतात. भाग लागून महिना झाला नाही तोच आमच्यासारखंच पाकीट, एक अक्षर बदलून, बाजारात दिसलं. आम्ही ट्रेडमार्कचा अर्ज आधी केला होता म्हणून नोटीस पाठवता आली. एका व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ९,०००. मसाले ३० व्या वर्गात येतात, पादत्राणं २५ व्या. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे वाढवता येते. हा खर्च शूटिंगच्या आधीचा आहे, नंतरचा नव्हे.

चप्पलवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. ‘कोल्हापुरी चप्पल’ला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. ते नाव त्या सगळ्या कारागिरांचं. तुमच्या मालकीचं करता येईल असं वेगळं नाव शोधा आणि मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद करून घ्या.

आलेल्या गुंतवणुकीवर कर लागतो का?

शेअरच्या वाजवी किमतीपेक्षा जास्त मिळालेल्या पैशावरचा, ‘एंजल टॅक्स’ म्हणून ओळखला जाणारा कर २०१२ पासून होता. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला आणि २०२५-२६ या आकारणी वर्षापासून लागू नाही. बाकी हिशेब आपल्या सीएकडून करून घ्या.

सौदा मोडल्यावर भांडवल कुठून आणलं?

केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून, जिला सगळे पीएमएफएमई म्हणतात. त्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान होतं. आपला वाटा किमान १० टक्के, बाकी बँकेचं कर्ज. अनुदान हातात रोख पडत नाही. ते कर्जखात्याला जोडून ठेवतात आणि तीन वर्षं हप्ते नीट भरले की वळतं करतात. कृषी विभागाने नेमलेल्या जिल्ह्याच्या माणसाने आमचा प्रकल्प अहवाल बसून तयार करून दिला, त्यांचे उपकार आहेत. त्यातून सोलर ड्रायर आणि पॅकिंग मशीन आलं. आता पावसातही कांदा वाळतो.

आणि गंमत म्हणजे गुंतवणूकदाराच्या त्या सात पानी यादीसाठी जमवलेली फाइल बँकेत जशीच्या तशी कामाला आली.

मोठ्या दुकानसाखळ्या फोन करतात का?

करतात. ऐकून भारावून जाऊ नका, पहिल्या भेटीत उधारीचे दिवस विचारा. २००६ च्या लघुउद्योग कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत आणि फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. एका खरेदीदाराने आम्हाला ९० दिवस सांगितले. आम्ही कायद्याचा मुद्दा काढल्यावर ते ४५ वर आले. त्यांना ते माहीत होतं, आम्हाला माहीत आहे की नाही एवढंच बघत होते.

तिथे नकार मिळाला तर बदनामी होते का?

नाही. दारावरच्या कॅमेऱ्याची रिंग ही कंपनी २०१३ साली अमेरिकेच्या ‘शार्क टँक’मध्ये वेगळ्या नावाने आली होती. मालकाने १० टक्क्यांना सात लाख डॉलर मागितले आणि सौद्याविना परत गेला. २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनने तीच कंपनी विकत घेतली. इतकं लांब जायला नको. ‘शार्क टँक इंडिया’त आलेला आपल्या मालेगाव तालुक्यातला ‘जुगाडू कमलेश’ आठवा. फवारणीची गाडी घेऊन आलेल्या त्या शेतकऱ्याच्या पोराला बाकीच्यांनी नाही म्हटलं, आणि तिथले एक गुंतवणूकदार पीयूष बन्सल यांनी ४० टक्क्यांना १० लाख आणि २० लाखांचं बिनव्याजी कर्ज देऊ केलं. चाळीस टक्के फार झाले असं कोणी म्हणेल, पण ज्याच्याकडे फक्त एक नमुना आहे त्याच्यासाठी सोबत उभा राहणारा माणूसच मोठा असतो.

मराठीत बोललं तर चालतं का?

आम्ही हिंदीत बोललो, अडलं तिथे मराठीत. एक व्यवहारी सूचना: आकडे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या. आपल्या डोक्यात ‘एकोणसत्तर’ असतं आणि तोंडातून हिंदीत ‘उनासी’, म्हणजे एकोणऐंशी, निघतं. घाबरलेल्या माणसाचं हे हमखास होतं, दिरांचं झालं, आणि कॅमेऱ्यासमोर बोललेला आकडा मागे घेता येत नाही.

पुन्हा जाल का?

हो. दीर तयारच आहेत, सासूबाईंनीही हो म्हटलंय, एका अटीवर. शिकवायची मोकळीक आमच्याकडे राहील हे स्टेजवर, कॅमेऱ्यासमोरच सांगायचं. मी त्यात माझी अट घातली आहे. या वर्षी दुकानातलं प्रत्येक बिल पक्कं फाडायचं, आणि अर्ज भरायच्या आधी गडहिंग्लजहून दुप्पट मिरची आणून ठेवायची. गेल्या आठवड्यात तिची पहिली पोती उतरली.